एआय घेऊन विज्ञानात उतरलेल्या स्टार्टअपला बारा आठवड्यांचा मेंटॉर पुरतो का?

चाळणी | ३ नोव्हेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

आम्ही तिघं नागपूरचे. मी सिव्हिलची, एक जण एलआयटीतून केमिकल झालेला, तिसरा प्रोग्रॅमिंगवाला. गेले पंधरा महिने औष्णिक वीज केंद्रातल्या फ्लाय ॲशवर, म्हणजे धुराबरोबर उडणाऱ्या कोळशाच्या राखेवर काम करतोय. सिमेंट न घालता राख, कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) आणि सोडियम सिलिकेट यांपासून बांधकामाचा माल बनवायचा, म्हणजे जिओपॉलिमर. कल्पना नवी नाही, हे नाव १९७८ पासून चालत आलंय. अडचण अशी की राख दर ट्रकला वेगळी येते. आपल्या कोळशात राखच ३० ते ४५ टक्के, आणि कोळसा बदलला की तिचा स्वभाव बदलतो. मागच्या महिन्यात जमलेलं मिश्रण या महिन्यात पार फसतं. आमचं मॉडेल राखेची रासायनिक तपासणी बघून पुढचं कोणतं मिश्रण ओतून पाहावं ते सुचवतं. ताकद मोजायला शंभर क्यूब (नमुन्याचे ठोकळे) फोडण्याऐवजी पंधरा-वीस फोडून काम व्हावं, एवढीच धडपड.

तर एका मेंटॉरशिप प्रोग्रॅममध्ये आमची निवड झाली आहे. बारा आठवडे, बहुतेक ऑनलाइन, महिन्यातून दोनदा मोठ्या शहरात हजेरी. बदल्यात कंपनीचा चार टक्के हिस्सा. मुलाखत चाळीस मिनिटं चालली. त्यातली पस्तीस मिनिटं बाजारपेठ किती मोठी आणि स्लाइड कशा हव्यात यावरच गेली. तुमचं मॉडेल बरोबर आहे हे तुम्हाला कशावरून कळलं, हे एकानेही विचारलं नाही.

आणि एक हिशेब डोक्यातून जात नाही. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी बघतात. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. ओतायचं, वाट बघायची, फोडायचं, शिकायचं, परत ओतायचं, असे तीनच फेरे होतात.

१५ तारखेपर्यंत कळवायचं आहे. जावं का? आणि अशा कामाला मेंटॉर असावा तरी कसा?

---

बर्डीवाला | ३ नोव्हेंबर, रात्री ११.१५

जा ना बाप्पा! विचार कायचा करून राहिल्या? चार टक्क्यांचं काय घेऊन बसल्या, आज कंपनीत आहे काय? शून्याचे चार टक्के शून्यच. तिथं ओळखी होतात. माझ्या पुतण्याचं सॉफ्टवेअरचं काम होतं, असल्याच प्रोग्रॅममधून त्याले पहिला मोठा गिऱ्हाईक भेटला. नागपुरात बसून कोण ओळखते आपल्याले?

---

रेणूबंध | ४ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

बर्डीवाला, सॉफ्टवेअरला हे लागू पडतं. तिथे आज लिहिलेलं उद्या गिऱ्हाइकाला दाखवता येतं. इथे मध्ये निसर्ग बसलाय, आणि तो त्याच्या वेळेनेच उत्तर देतो.

मी संगणकावर पदार्थांचे गुणधर्म काढण्याचं काम करते, त्यामुळे या विषयात जीव गुंतलेला आहे. एआयने विज्ञानात काय केलं असं विचारलं की सगळे प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या अल्फाफोल्डचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल निम्मं त्यालाच मिळालं, हसाबिस आणि जंपर यांना, उरलेलं निम्मं प्रथिनं नव्याने घडवणाऱ्या बेकर यांना. पण त्याच्यामागे काय उभं होतं? १९७१ पासून जगभरच्या लोकांनी प्रयोगशाळेत एकेका प्रथिनाची रचना काढून एकाच खुल्या भांडारात, एकाच शिस्तीत ठेवलेली होती. चार दशकांहून जास्त काळ साठत गेलेली ती माहिती होती. राखेसाठी असं भांडार कुठे आहे? तुमच्याकडे नोंदी कुठून आल्या?

उलटं उदाहरणही सांगते. २०२३ च्या नोव्हेंबरात गूगल डीपमाइंडने २२ लाख नव्या स्फटिकांचं भाकीत केलं, त्यातले ३ लाख ८० हजार स्थिर असावेत असं म्हटलं. त्याच वेळी बर्कलीच्या स्वयंचलित प्रयोगशाळेने १७ दिवसांत ४१ पदार्थ बनवल्याचं जाहीर केलं. काही महिन्यांतच जाणकार रसायनशास्त्रज्ञांनी दोन्हींवर बोट ठेवलं: यातलं नवं किती, उपयोगाचं किती, आणि बनलेला पदार्थ खरंच तोच आहे का? एवढ्या मोठ्या लोकांनासुद्धा हे प्रश्न ऐकावे लागले. तुमच्या मेंटॉरने ते पहिल्याच दिवशी विचारायला हवेत.

म्हणून माझाही एक प्रश्न. मॉडेल तपासताना नोंदी कशा वेगळ्या काढल्या?

---

चाळणी | ४ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

रेणूबंध, नोंदी ६१० आहेत. ४३ शोधनिबंधांतून हाताने उतरवलेल्या, शिवाय आमचे स्वतःचे ७० क्यूब. त्यातल्या वीस टक्के नोंदी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या बाजूला काढून त्यांच्यावर तपासलं. आर-स्क्वेअर (भाकीत किती जुळतं त्याचं माप, १ म्हणजे तंतोतंत) ०.९२ आला.

---

रेणूबंध | ४ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

मला याचीच धास्ती होती. एकाच निबंधातल्या नोंदी शिकवणीतही गेल्या आणि परीक्षेतही आल्या. निबंध पुरे पुरे बाजूला काढा, मग तपासा.

---

नवखा_२४ | ४ नोव्हेंबर, दुपारी १.१०

यात फरक काय पडतो, कोणी सोप्या भाषेत सांगेल का? मी तिसऱ्या वर्षाला आहे, आमचा प्रोजेक्टही असाच तपासलाय.

---

रेणूबंध | ४ नोव्हेंबर, दुपारी २.००

नवखा, चांगलं झालं विचारलंत.

एका निबंधात समजा पंधरा मिश्रणं आहेत. राख तीच, हात तेच, ओव्हन तोच, क्यूब फोडायचं मशीन तेच. त्यातली बारा मॉडेलला शिकवलीत आणि तीन परीक्षेत विचारलीत, तर मॉडेलला राखेचं काहीही कळायची गरज नाही. ही त्या अमक्या निबंधातली राख आहे एवढं ओळखलं की शेजारच्या नोंदीवरून उत्तर काढता येतं. म्हणजे धड्यातलंच गणित आकडा बदलून परीक्षेत आलं. उद्या खापरखेड्याच्या वीज केंद्रातून नवा ट्रक येईल तेव्हा त्याच्या शेजारची नोंद कुठून आणणार?

याला डेटा लीकेज म्हणतात. एआय वापरणाऱ्या १७ विज्ञानशाखांमध्ये ही चूक छापील निबंधांत सापडल्याचं २०२३ मध्ये कपूर आणि नारायणन यांनी दाखवून दिलं. त्यामुळे यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण दुरुस्त आजच करा.

---

अंबाझरी_सकाळ | ४ नोव्हेंबर, रात्री ९.२०

मी स्वतः दोन ठिकाणी मेंटॉर म्हणून बसतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

बाजारपेठ आणि गिऱ्हाईक यांवरच प्रश्न येतात ही तक्रार मी प्रत्येक वैज्ञानिक चमूकडून ऐकतो. त्यामागे कारण आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये आय-कॉर्प्स नावाचा उपक्रम काढला. प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या शास्त्रज्ञांना सात आठवडे द्यायचे आणि त्यात शंभर संभाव्य गिऱ्हाइकांशी समोरासमोर बोलायला लावायचं. स्लाइड नाही, विक्री नाही, फक्त ऐकायचं. शास्त्रज्ञ ज्या गोष्टीवर वर्षानुवर्षं घाम गाळतो ती कोणालाच नको असते, असं फार वेळा घडलंय.

टोरांटोत २०१२ मध्ये सुरू झालेली क्रिएटिव्ह डिस्ट्रक्शन लॅब ही दुसरी पद्धत. साधारण दर आठ आठवड्यांनी बैठक, दर बैठकीत पुढच्या टप्प्यासाठी फक्त तीन उद्दिष्टं. बैठकीच्या शेवटी मेंटॉरांना विचारतात, या चमूसाठी स्वतःचा वेळ कोण देणार? एकही हात वर झाला नाही तर चमू बाहेर. हिस्सा मात्र मागत नाहीत.

म्हणून चाळणी यांना माझा सल्ला: गिऱ्हाइकाच्या प्रश्नांना कंटाळू नका. पण तीन उद्दिष्टांतलं एक तरी प्रयोगाचं असलं पाहिजे, हा आग्रह सोडू नका. आणि हो, आतापर्यंत किती ब्लॉकवाल्यांशी बोललात?

---

चाळणी | ४ नोव्हेंबर, रात्री १०.१०

खरं सांगायचं तर दोघांशी. दोन्ही फोनवर.

---

मृगबहार | ५ नोव्हेंबर, पहाटे ५.४०

काटोलकडचा आहे. संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागतो, फायटोप्थोरा नावाच्या बुरशीसारख्या रोगजंतूमुळे. खोडातून डिंक गळतो, साल कुजते, चांगली बारा वर्षांची बाग डोळ्यांदेखत बसते. त्यावर मातीतली कोणती मित्रबुरशी कोणत्या जमिनीत चालेल, हे मॉडेलने सांगायचं, असं आमचं काम होतं. आम्हीही एका प्रोग्रॅममध्ये होतो. सोळा आठवड्यांचा.

संत्र्याला बहार दोन, अंबिया आणि मृग. आम्ही मृग धरतो. म्हणजे वर्षाला एकच फेरा. आमचा प्रोग्रॅम फुलं लागायच्या आधीच संपला. शेवटच्या दिवशी मोठ्या पडद्यावर सादरीकरण झालं, बक्षीसही मिळालं, घरच्यांनी पेढे वाटले. बागेतलं उत्तर यायला अजून सात महिने होते.

ते सात महिने संपत आले तेव्हा एक निवृत्त वनस्पतिरोगतज्ज्ञ सहज बाग बघायला आले. ते कोणत्याही प्रोग्रॅमचे नव्हते, नात्यातल्या कोणाच्या तरी ओळखीने आले. चपला बांधावर काढून आत गेले, खाली बसून चार-पाच खोडांची साल नखाने खरवडली, वास घेतला. मग मला विचारलं, "बाळा, काहीच न दिलेली झाडं कुठली?"

आम्ही सगळ्याच झाडांना दिलं होतं. शेतकऱ्याचं नुकसान नको म्हणून एकही ओळ मोकळी ठेवली नव्हती. पाऊस कमी झाला म्हणून डिंक्या कमी झाला की आमच्यामुळे, हे सांगायला आमच्याकडे काही उरलंच नव्हतं. एक वर्ष गेलं, आणि पैसेही त्याच्यासोबतच संपले.

सोळा आठवड्यांत बावीस मेंटॉर भेटले. हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. ते सगळे हुशार होते, मनापासून बोलत होते, पण झाडाजवळ कोणी आलं नाही. ताई, तुमच्या राखेत हात घालणारा माणूस मिळत असेल तर त्याच्यासाठी चार टक्के नाही, सहा द्या.

---

बर्डीवाला | ५ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

मृगबहार भाऊ, वाचून वाईट वाटलं. पण पुन्हा उभे राहा. संत्र्यासाठी कोणी तरी हे केलंच पाहिजे.

---

अंबाझरी_सकाळ | ५ नोव्हेंबर, सकाळी ९.००

मृगबहार, तुमचं काम जैविक आहे, म्हणून बायरॅक या जैवतंत्रज्ञानाच्या सरकारी संस्थेचं बिग अनुदान पाहाच. ५० लाखांपर्यंत, १८ महिने मुदत. अठरा महिन्यांत तुमचा पूर्ण बहार बसतो. चाळणी, राखेला बिग लागू नाही, तुमच्यासाठी निधी-प्रयास ही सरकारी योजना आहे, नमुना बनवायला १० लाखांपर्यंत. त्यापुढे स्टार्टअप इंडियाचा सीड फंड, सध्या अर्ज घेतात का ते आधी बघून: संकल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान, पण अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको. दोन्ही इनक्युबेटरमार्फतच, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि आधार देणाऱ्या केंद्रांमार्फतच मिळतात. म्हणजे इनक्युबेटर निवडताना तिथे प्रयोगशाळा आहे का, हे आधी पाहा. पुण्याचं व्हेंचर सेंटर २००७ पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात चालतं, तसं काहीतरी शेजारी असणं मोठी गोष्ट आहे.

---

घनमीटर | ५ नोव्हेंबर, सायंकाळी ६.१५

चौतीस वर्षं काँक्रीटच्या लॅबमध्ये काढली. आता निवृत्त. एआय मला कळत नाही, राख कळते.

१) कॉस्टिकचं द्रावण कधी बनवता आणि कधी वापरता?
२) राख ट्रकच्या कोणत्या भागातून घेता, आणि ती हॉपरच्या कोणत्या रांगेतली आहे, हे विचारता का?
३) एका मिश्रणाचे किती क्यूब?
४) शेजारी साध्या सिमेंटचे क्यूब ओतता का?

याची उत्तरं द्या, मग पुढचं बोलू.

---

चाळणी | ५ नोव्हेंबर, रात्री ८.००

काका, १) त्याच दिवशी सकाळी बनवतो, दुपारी वापरतो. २) ट्रकच्या वरच्या थरातून. हॉपरचं विचारलेलं नाही. ३) तीन. ४) नाही.

---

घनमीटर | ५ नोव्हेंबर, रात्री ९.४५

खरं सांगितलंत, बरं वाटलं.

कॉस्टिकच्या फ्लेक्स पाण्यात टाकल्या की बादली हाताला चटका देईल इतकी तापते. (नेहमी पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. आणि डोळ्याला चष्मा लावल्याशिवाय हात लावायचा नाही. हे लिहून भिंतीवर लावा.) द्रावण आदल्या दिवशी करून रात्रभर निवू द्यायचं. तुमचं दुपारचं द्रावण एखाद दिवशी ४५ अंशाला असेल, एखाद दिवशी ३० ला. मिश्रण आवळायचा वेळच बदलतो. तुमच्या मॉडेलला ते ठाऊक नाही, ते बिचारं दोष राखेला देतं.

हॉपरचं सांगतो. धुरातली राख पकडणाऱ्या यंत्राखाली ती जमा व्हायला हॉपरच्या, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाक्यांच्या ओळीने रांगा असतात. पहिल्या रांगेत जाड राख पडते, मागे मागे बारीक होत जाते. रासायनिक तपासणीत दोन्ही जवळपास सारख्या दिसतील, पण बारीक राख जोमाने काम करते आणि जाड राख नुसती वाळूसारखी पडून राहते. ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ओली राख धुवून बघा किती उरते. राखेचं भारतीय मानक आयएस ३८१२ म्हणतं ३४ टक्क्यांपेक्षा जास्त नको. तुमचं इथलं नावच चाळणी आहे, आणि तीच वापरलेली नाही.

२८ दिवसांबद्दल. ६० अंशाला चोवीस तास ओव्हनमध्ये ठेवलंत तर जिओपॉलिमर बरीचशी ताकद पहिल्या आठवड्यातच धरतं, त्यामुळे ७ दिवसांवर फेरे वाढवता येतील. उघड्यावर ठेवणार असाल तर ७ दिवसांच्या आकड्यावर जाऊ नका, ते सावकाश चढत राहतं. म्हणजे आधी ठरवा की तुमचा गिऱ्हाईक ओव्हन घेणार आहे का.

शनिवारी मोकळा आहे. बोलावलंत तर येतो. पैसे नकोत, चहा चालेल.

---

रेणूबंध | ५ नोव्हेंबर, रात्री १०.२०

काका, तुमच्या एका प्रतिसादाने मॉडेलच्या दोन नव्या रकान्यांची भर पडली. द्रावणाचं तापमान आणि चाळणीवरचा उरलेला भाग. तिसरा मी सुचवते: राखेत काचेसारखा भाग किती आणि क्वार्ट्झ-म्युलाइटचे स्फटिक किती. रासायनिक तपासणी सिलिका किती ते सांगते, पण क्वार्ट्झमधली सिलिका कॉस्टिकला फारशी दाद देत नाही. त्यासाठी एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची तपासणी लागेल. व्हीएनआयटी, एलआयटी, शिवाय वाडीला अॅल्युमिनियम संशोधनाची संस्था आहे, तिथे विचारून बघा. बॉक्साइटमधून उरणाऱ्या लाल चिखलावर काम करणारे लोक तुमची भाषा बोलतील.

आणि एक. प्रोग्रॅमवाले क्लाउडचं क्रेडिट (इंटरनेटवरचे मोठे संगणक फुकट वापरायची सोय) देतो म्हणतात, त्याने भुलू नका. सहाशे ओळींना जीपीयूसारखी महागडी चिप लागत नाही. गाऊसियन प्रोसेस नावाचं साधं मॉडेल लॅपटॉपवर चालतं, शिवाय आपल्याला किती खात्री आहे तेही सांगतं. पुढचा क्यूब कुठे ओतायचा हे त्या खात्रीवरूनच ठरतं.

---

अर्जदार | ६ नोव्हेंबर, सकाळी ११.००

पेटंटचं काम करतो, म्हणून हात जोडून एक विनंती. मिश्रणाची नेमकी प्रमाणं या धाग्यावर लिहू नका, आणि कोणत्याही प्रोग्रॅमच्या जाहीर सादरीकरणात दाखवू नका. एकदा जाहीर झालं की नावीन्य गेलं. आपल्या कायद्यात सवलती आहेत, पण फार तोकड्या.

आधी तात्पुरता अर्ज भरा. मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन १६०० रुपये शुल्क आहे. तिथून पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात, आणि त्या बारा महिन्यांत तुमचे क्यूब आरामात फुटतात. कलम ३(k) नुसार नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही, म्हणून मॉडेलच्या मागे लागू नका. मिश्रण आणि ते बनवायची रीत यांवर हक्क मागा.

मेंटॉरलाही गोपनीयतेच्या कागदावर सही करायला सांगा. चांगला मेंटॉर त्याचा राग धरत नाही.

---

नवखा_२४ | ६ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

आम्ही आमचा प्रोजेक्ट रेणूबंध यांनी सांगितलं तसा परत तपासला. ९४ टक्क्यांचा ७१ वर आला. सरांना सांगितलं, ते म्हणाले तसंच लिहा. खूप आभार.

---

चाळणी | ९ नोव्हेंबर, रात्री ११.३०

काका काल आले होते. दहाला आले, साडेपाचला गेले. मध्ये आईने केलेले तर्री-पोहे खाल्ले, आणि तर्री पातळ आहे हेही सांगितलं.

आधी वाईट बातमी. निबंध पुरे पुरे वेगळे काढून तपासलं. ०.९२ चा ०.४१ झाला. सरासरी चूक ४ एमपीएवरून (एमपीए म्हणजे ताकदीचं एकक) ९ वर गेली. परवा रात्री आम्ही तिघं बराच वेळ काहीच बोललो नाही. पंधरा महिने आम्ही जो आकडा सगळ्यांना सांगत होतो तो खरा नव्हता, आणि तोच आकडा मुलाखतीत स्लाइडवर होता. मी प्रोग्रॅमवाल्यांना ईमेल करून नवा आकडा कळवला आहे.

काकांनी काय केलं ते लिहिते. आमच्या गोणीतली मूठभर राख चिमटीत घेऊन बोटांत चोळली, कानाजवळ नेली आणि म्हणाले, "ही करकरते." दुसऱ्या गोणीतली चोळली, ती पिठासारखी. दोन्ही गोण्या एकाच ट्रकच्या. आम्ही दोन्हींना एकच नंबर दिला होता. मग चाळणीवर धुतल्या. एकीत १९ टक्के उरली, दुसरीत ४२.

उद्यापासून नव्याने ओततोय. दोन राखा, मॉडेलने सुचवलेली प्रत्येकी चार मिश्रणं, शेजारी सिमेंटचे. द्रावण आदल्या रात्रीचं.

---

अंबाझरी_सकाळ | १० नोव्हेंबर, सकाळी ७.१५

तो ईमेल पाठवलात हे फार मोठं काम केलंत. माझ्यासमोर असा चमू आला तर मी पहिला हात वर करेन.

१५ तारखेच्या उत्तरात त्यांना तीन गोष्टी विचारा. पदार्थविज्ञानातला एक तरी मेंटॉर मिळेल का, शेवटचं सादरीकरण २८ दिवसांच्या निकालानंतर ठेवता येईल का, आणि हिस्सा टप्प्याटप्प्याने घेतील का.

---

बुटीबोरीकर | १२ नोव्हेंबर, रात्री १०.०५

माझा पेव्हर ब्लॉकचा कारखाना आहे. धागा मुलीने दाखवला. सगळा वाचला. तुम्ही सगळे ताकद-ताकद करून राहिले, मी माझं सांगतो.

एम-४० ची, म्हणजे ४० एमपीएची ताकद मले सिमेंटमध्येही भेटते. माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीनं दुखते. दोन वर्षांआधी एकानं असाच बिनसिमेंटचा माल करून दिला होता. ताकद चांगली भरली. एका सोसायटीत लावला. पहिला पाऊस पडला आणि साऱ्या ब्लॉकवर पांढरा क्षार फुटला. लाल ब्लॉक होते, गुलाबी दिसायले लागले. सोसायटीवाल्यानं पैसे थांबवले. घासून काढला तरी परत फुटे.

दुसरं, माझे मोल्ड रबराचे. आज भरले की उद्या सकाळी रिकामे पाहिजेत. थंडीत तुमचा माल रात्रभर घट्टच झाला नाही तं मी दुसऱ्या दिवशी भरू कायमंदी? मे महिन्यात काही प्रॉब्लेम नाही, आपल्या नागपूरच्या उन्हात सारंच पक्कं होते. डिसेंबरचं सांगा.

तुमचं ते मॉडेल या दोन गोष्टी सांगते का?

---

चाळणी | १२ नोव्हेंबर, रात्री १०.५०

नाही सांगत. आमच्या ६१० नोंदींत क्षाराचा रकानाच नाही.

भाऊ, तुमचा हा एक प्रतिसाद मी छापून टेबलासमोर लावते आहे.

---

रेणूबंध | १२ नोव्हेंबर, रात्री ११.२०

क्षार म्हणजे न बांधला गेलेला सोडियम पाण्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कार्बोनेट बनतो. ताकद वाढवायला मॉडेल कॉस्टिक वाढवत जाणार, आणि क्षार तितकाच वाढणार. म्हणजे तुमचं मॉडेल ज्या दिशेला धावत होतं, नेमका तिकडेच गिऱ्हाइकाचा तोटा होता. आता उद्दिष्टं तीन धरा: ताकद, क्षार, आणि थंडीत मोल्ड सुटायचा वेळ. अंबाझरी_सकाळ, गिऱ्हाइकाबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटलं.

---

चाळणी | १४ डिसेंबर, रात्री ९.३०

महिन्याभराने परत आले.

२८ दिवसांचे क्यूब परवा पुरे फुटले. बारीक राखेच्या एका मिश्रणाला मॉडेलने ३८ सांगितले होते, तीन क्यूब ३६, ३९ आणि ३७ ला फुटले. केमिकलवाला मशीनसमोर अक्षरशः ओरडला. जाड राखेच्या मिश्रणाला ४१ सांगितले होते. ते २४, २२, २४ ला गेले. काका म्हणाले, या फसलेल्या मिश्रणाची वही जास्त नीट लिहा, कामाची तीच आहे. ती राख आता चाळणीच्या आकड्यासकट मॉडेलमध्ये गेली आहे.

क्षारासाठी तुकडे ताटलीत उभे करून तळाशी बोटभर पाणी ठेवलं. ज्यात कॉस्टिक जास्त होतं त्यांना सहाव्या दिवशी वरच्या कडेला पांढरी मिशी फुटली. एका मिश्रणाला अजून काही नाही. त्याची ताकद ३१ आहे. म्हणजे एम-४० अजून लांब आहे.

प्रोग्रॅमचं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. या तुकडीत पदार्थविज्ञानाचा मेंटॉर नाही, तारखा हलणार नाहीत, हिस्सा तोच. एप्रिलच्या तुकडीसाठी जागा राखून ठेवायला मात्र ते तयार आहेत, आणि तोवर तसा माणूस शोधतो म्हणाले. आम्ही एप्रिल घेतला, तोही माणूस मिळाला तरच. तोपर्यंत काका दर शनिवारी येत आहेत. निधी-प्रयासचा अर्ज लिहितोय. पेटंटचा तात्पुरता अर्ज गेल्या मंगळवारी गेला, अर्जदार यांचे आभार.

---

बर्डीवाला | १४ डिसेंबर, रात्री १०.००

मले अजूनही वाटते की आत्ताच जायले पाहिजे होतं. मोठ्या शहरातला माणूस सहा महिने थांबत नाही. पण क्यूब फुटल्याचं वाचून लई आनंद झाला, खोटं कायले बोलू.

---

मृगबहार | १५ डिसेंबर, पहाटे ५.३०

बारा झाडांची एक ओळ या वर्षी मोकळी ठेवली आहे. शेतकरी तयार झाला. त्याला नुकसानभरपाई लिहून दिली.

---

बुटीबोरीकर | १५ डिसेंबर, सकाळी ९.४०

ताई, तो बिनक्षाराचा माल घेऊन शनिवारी दहाले या. ३१ तं ३१, पार्किंगमध्ये नाही, माझ्या ऑफिससमोरच्या पायवाटेत लावून पाहू. मोल्डची एक रांग मोकळी ठेवतो. रात्री आता ११-१२ अंश होऊन राहिलं, सकाळी सुटते का नाही तेही दिसंल. राखेची पोती किती आणता ते शुक्रवारी सांगा.

---

घनमीटर | १५ डिसेंबर, सकाळी १०.१०

त्याच दिवशी, त्याच मोल्डमध्ये, त्यांच्या नेहमीच्या सिमेंटचे सहा ब्लॉक शेजारी भरायचे. विसरू नका.

---

चाळणी | १५ डिसेंबर, सकाळी १०.२५

बारा भरू, काका. पोती चार आणतोय, चारही चाळून.